गोकुळधामचा अय्यर, स्प्रिंगफिल्डचा अपू आणि वर्षानुवर्षं तोच विनोद

पागोळी

'तारक मेहता का उल्टा चश्मा' २८ जुलै २००८ ला सुरू झाली आणि अजून चालूच आहे, भाग ४००० च्या वर गेलेत. म्हणजे ती सुरू झाली तेव्हा जन्मलेली पोरं आता कॉलेजात जायला लागली. इतकी वर्षं रोज घरात दिसणाऱ्या गोष्टीवर आपण "हलकीफुलकी मालिका" म्हणून फारसं बोलतच नाही, म्हणून हा धागा.

गोरेगाव पूर्व, पावडर गल्ली, गोकुळधाम सोसायटी. इथे सगळा देश एका कंपाउंडमध्ये राहतो ही मूळ कल्पना, आणि ती मला मनापासून आवडते. मुंबईत खरंच अशा सोसायट्या आहेत. पण त्या देशाची वाटणी कशी झालीय बघा. सोढी सरदार, म्हणून गॅरेज, पार्टी-शार्टी आणि पटकन डोकं फिरणं. अय्यर तमिळ, म्हणून शास्त्रज्ञ, सावळा, बोलण्यात अय्यो आणि हिंदीत लिंगाचा घोळ. भिडे मराठी, म्हणून ट्यूशन घेणारा मास्तर, 'सखाराम' नावाची जुनी स्कूटर, पैपैचा हिशोब, आणि बायको लोणची-पापड विकणारी. डॉ. हाथी बिहारचे, पण त्यांना तर तेवढंही काही नाही, नुसतं खाणं. अब्दुल मुसलमान, त्याचं दुकान कंपाउंडला लागून, सगळ्यांच्या कामाला धावून जाणारा सज्जन माणूस, पण सोसायटीतल्या कुटुंबांमध्ये त्याचं कुटुंब नाही.

आता कोणी म्हणेल जेठालालची पण थट्टा होतेच की. होते, सगळ्यात जास्त त्याचीच होते. पण जेठालालला काय काय आहे बघा, कच्छमधलं भचाऊ गाव आहे, वडील आहेत ज्यांना तो अजून घाबरतो, दुकान आहे, दुकानातली माणसं आहेत, ऑर्डर अडकली की झोप उडते, मुलाचे मार्क आहेत, मेव्हणा येऊन टोपी घालून जातो. तो गुजराती आहे हे त्याच्याबद्दलच्या पन्नास गोष्टींतली एक गोष्ट आहे. अय्यर तमिळ आहे ही मात्र अय्यरबद्दलची जवळजवळ एकुलती एक गोष्ट आहे. विनोद कोणावर झाला हा माझा प्रश्नच नाहीये. त्याची जात-भाषा-रंग काढून घेतला तर माणूस म्हणून मागे काय उरतं, हा प्रश्न आहे. जेठालाल उरतो. भिडेही बराचसा उरतो, त्यात मंदार चांदवडकरांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. अय्यर उरत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

कोकणकडा

पागोळी ताई, लेख चांगला आहे पण पटला नाही पूर्ण. आमच्या घरात आई, बाबा, आजी, पोरं सगळे एकत्र बसून बघतात अशी ही एकच मालिका राहिलीय. अचकट विचकट काही नाही, सासू-सुनेची कारस्थानं नाहीत, सण सगळे साजरे होतात, गणपती, नवरात्र, ईद, नाताळ, बैसाखी, सगळं. अब्दुल तिथे सगळ्यांच्या जिवाभावाचा माणूस दाखवलाय. बाकीच्या हिंदी चॅनेलवर काय चाललंय ते बघितलं तर ही मालिका सोन्यासारखी आहे. प्रत्येक पात्राला काहीतरी खूण लागतेच ना, नाहीतर एवढ्या गर्दीत लक्षात कोण राहणार? भिडे मास्तर तर मला माझ्या शाळेतल्या सरांसारखे वाटतात. कंजूष नाहीयेत ते, प्रामाणिक आहेत. मध्यमवर्गीय माणूस हिशोबानेच जगतो, त्यात अपमान कुठला?

---

चेन्नईकर_मी

मी लग्न होऊन चेन्नईत आले त्याला बरीच वर्षं झाली, नवरा पण मराठीच, पण शेजार सगळा तमिळ. अय्यरबद्दल मला बोलायचंय.

इथे बहुतेक कोणी ही मालिका बघत नाही, हिंदीच नको असते. त्यामुळे अय्यरवरून इथे कधी ओरड झालेली मी ऐकली नाही. पण सुट्टीत पुण्याला माहेरी गेलो की माझ्या मुलीला तिची मावसभावंडं "ए अय्यर" म्हणून हाक मारतात. ती सावळी आहे, तिच्या मराठीत तमिळ हेल आलाय, झालं. त्या पोरांना तमिळ माणसाबद्दल दुसरं काहीही माहीत नाही. भरतनाट्यम नाही, तंजावर नाही, जिथे शिवाजी महाराजांच्या भावाने, व्यंकोजीराजांनी राज्य उभं केलं आणि जिथे अजून मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांना माहितीय फक्त की तमिळ माणूस काळा असतो, विचित्र हिंदी बोलतो आणि त्याला गोरी बायको कशी मिळाली याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं. मुलगी एकदा मला विचारत होती की बबिताला अय्यर का आवडतो. मी म्हटलं, हुशार आहे, चांगला आहे. ती म्हणाली, पण तसं ते दाखवत कुठे आहेत?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण खरंच दाखवत नाहीत. अय्यर शास्त्रज्ञ आहे म्हणतात पण त्याचं काम काय, त्याचे आईवडील कसे, तो घरी काय वाचतो, बबिताशी त्याचं जमलं कसं, याचं काहीतरी मनात राहील असं इतक्या वर्षांत मला तरी दिसलं नाही. तो दारातून आत येतो आणि जेठालालचा चेहरा पडतो, एवढंच त्याचं काम. आणि रंगावरचे विनोद तर आहेतच, ते बघताना घरातली सावळी मुलगी सोफ्यावर शेजारी बसलेली असते हे लक्षात घ्या.

---

इंदूरी_पोहा

एक माहिती जोडतो. अय्यर करणारे तनुज महाशब्दे हे मराठी आहेत, मूळचे आमच्या मध्य प्रदेशातले. म्हणजे मराठी माणूस गुजराती निर्मात्याच्या हिंदी मालिकेत तमिळ माणसाची नक्कल करतो. नट म्हणून त्यांच्यावर माझा काही आक्षेप नाही, काम मिळालं ते त्यांनी नीट केलं. पण तमिळ माणूस कसा बोलतो हे त्या खोलीत कोणाला ठाऊक असायची गरजच पडलेली नाही, कारण हेल तमिळ माणसासाठी काढलेला नाहीये, तो हिंदीवाल्यांना ओळखू यावा म्हणून आहे. जुन्या हिंदी सिनेमातला 'मद्रासी' जसा बोलायचा तसाच हा बोलतो.

---

अटकेपार

मी न्यू जर्सीत. हा धागा वाचताना सारखा अपू आठवत होता म्हणून लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका १९८९ पासून चालू आहे आणि अपू त्यात १९९० मध्ये आला, स्प्रिंगफिल्ड गावातल्या क्विक-ई-मार्ट या दुकानाचा मालक. आडनाव नहासापीमापेटिलॉन, असं आडनाव भारतात कुठेच नाही. अपू हे नाव मात्र सत्यजित राय यांच्या अपूवरून घेतलेलं. त्याच्या लेखकांनी नंतर सांगितलेली गोष्ट अशी की सुरुवातीला पटकथेत नुसता एक दुकानदार होता, भारतीय दाखवायचा त्यांचा विचारच नव्हता, कारण ते फार घिसंपिटं वाटेल म्हणून. पण वाचनाच्या वेळी पात्रांना आवाज देणाऱ्या हँक अझारियाने त्या दुकानदाराची ओळ भारतीय हेल काढून म्हटली, सगळे हसले आणि दुकानदार भारतीय झाला. एका खोलीतला एक हशा, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं तो आवाज.

आता पागोळी ताईंची कसोटी अपूला लावली तर गंमत अशी होते की अपू त्यात पास होतो. त्याच्याकडे कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी आहे, तो शाकाहारी आहे, १९९६ च्या एका भागात बेकायदेशीर स्थलांतरितांविरुद्ध शहर पेटतं तेव्हा तो नागरिकत्वाच्या परीक्षेला बसतो आणि तो भाग अजूनही बघण्यासारखा आहे. पुढे मंजुळाशी लग्न होतं, आठ मुलं होतात, संसारात भानगडी होतात. म्हणजे लेबल काढलं तरी माणूस उरतो. तरीसुद्धा इथे वाढलेल्या आपल्या मुलांच्या पिढीला त्याने छळलंय. का, तर टीव्हीवर दुसरा भारतीय नव्हताच. शाळेत, बसमध्ये, मैदानात "थँक यू, कम अगेन" त्याच्याच आवाजात. माझा पुतण्या इथेच जन्मला, त्याचं इंग्लिश माझ्यापेक्षा कितीतरी अमेरिकन, तरी मित्र त्याला अपूच्या हेलात उत्तर द्यायचे आणि त्याला वडिलांना शाळेत आणायची लाज वाटायची, कारण वडील थोडेसे तसे बोलायचे. हे त्याने आम्हाला मोठा झाल्यावर सांगितलं.

२०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या कॉमेडियनने 'द प्रॉब्लेम विथ अपू' नावाची डॉक्युमेंटरी काढली. त्यावर मालिकेने २०१८ च्या एका भागात लिसाच्या तोंडून काय उत्तर दिलं, तर पूर्वी जे लोकांनी डोक्यावर घेतलं आणि ज्यात कोणाला वावगं दिसत नव्हतं ते आज चुकीचं ठरतं, त्याला आपण काय करणार. आणि शेजारी अपूचा फोटो. लिसा त्या मालिकेतली सगळ्यात विचारी मुलगी, तिच्या तोंडी हे घातलं याचं मला जास्त वाईट वाटलं. २०२० च्या जानेवारीत अझारियाने आपण आता अपूचा आवाज काढणार नाही असं सांगितलं, २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. त्याच २०२० च्या जूनमध्ये मालिकेने ठरवलं की गोऱ्या नसलेल्या पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत. अपू काढून टाकला नाही, पण तो आता गर्दीत गप्प उभा असतो.

हा शेवट मला पटलेला नाही. भारतीय कलाकार घेऊन, भारतीय लेखक घेऊन अपूला बोलतं ठेवायचं होतं. त्याला गप्प करून प्रश्न सुटला नाही, प्रश्न फक्त दिसेनासा झाला.

---

जुनापुराणा

आमच्या पिढीचं 'माइंड युवर लँग्वेज'. ब्रिटनच्या आयटीव्हीवर १९७७ ते १९७९ चाललं, आपल्याकडे व्हिडिओ कॅसेटवर घरोघर पाहिलं गेलं. संध्याकाळचा इंग्लिशचा वर्ग, त्यात रणजित सिंग उठता-बसता हजार वेळा माफी मागतोय, अली नदीमशी त्याचं भांडण, जमिला विणकाम करत बसलेली. आम्ही पोट धरून हसलोय. पुढे १९९३ मध्ये दूरदर्शनवर त्याचाच 'जबान संभाल के' झाला, पंकज कपूर हिंदीचे मास्तर आणि वर्गात भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे नग. इंग्रजांनी आपल्याला ज्या साच्यात बसवलं होतं तोच साचा आपण उचलला आणि त्यात आपलेच दाक्षिणात्य, गुजराती, सरदार बसवले. कोणालाही खटकलं नाही. त्या वेळी मलाही त्यात काही खटकण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं आणि ते स्वाभाविक होतं, कारण आमच्या चाळीत, ऑफिसात सगळे एकमेकांना असंच बोलायचे.

पण एक सांगतो. 'ऑल इन द फॅमिली' म्हणून अमेरिकन मालिका होती, १९७१ ते १९७९. त्यातला आर्ची बंकर काळे, ज्यू, बायका, सगळ्यांबद्दल वाटेल ते बोलायचा आणि लेखकांचा हेतू असा की लोकांनी आर्चीला हसावं. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या दोघा संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तर निघालं असं की ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्ची आपलाच वाटत होता, तो बरोबरच बोलतोय असं त्यांना वाटत होतं. एकच प्रसंग, एकच हशा, पण हसण्याची कारणं दोन. त्यामुळे "आमचा हेतू चांगला होता" हे वाक्य विनोदाच्या बाबतीत मला पुरेसं वाटत नाही.

---

बाराखडी

मी काही वर्षं डेली मालिकांसाठी संवाद लिहिलेत (या मालिकेसाठी नाही, चॅनेलचं नाव सांगत नाही). आतून हे कसं होतं ते सांगते, म्हणजे सगळा दोष लेखकांच्या मनाला लावला जाणार नाही.

डेलीत कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. संवाद लिहिणाऱ्याच्या हातात वन-लाइन येते, "सोसायटीत पाणी नाही, सगळे खाली जमतात." आता खाली बारा पात्रं जमलीत आणि प्रत्येकाला निदान एक वाक्य द्यायचंय, कारण कलाकार सेटवर बोलावलाय, त्याचे पैसे दिवसावर आहेत, उद्या सकाळी शूट आहे आणि भागांची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपत आलीय. रात्री अकराला तुम्ही काय कराल? सरदाराला चिडवाल, तमिळ माणसाला अय्यो म्हणायला लावाल, मास्तर हमारे जमाने में म्हणेल, जाड्या माणसाला भूक लागेल, आणि सीन झाला. हे सगळं काही द्वेषातून येत नाही, दमलेल्या माणसाच्या हाताला जे आधी लागतं ते येतं. आणि एकदा त्यावर लोक हसले की चॅनेलकडून निरोप येतो, ते अजून टाका. तकियाकलाम, म्हणजे पात्राचं तेच ते ठरलेलं वाक्य, हा तयार मसाला आहे, रोजच्या स्वयंपाकात तोच पडतो.

मी एकदा एका मालिकेत घरकाम करणाऱ्या मावशींच्या पात्राला, त्या अर्थातच मराठी होत्या कारण हिंदी मालिकेत कामवाली मराठीच असते, एक छोटा सीन लिहिला होता. त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल आहे आणि त्या भांडी घासता घासता मालकिणीच्या मुलाला मोबाइलवर निकाल बघायला सांगतात, आणि तो बघेपर्यंत हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या असतात. सीन कापला गेला. कारण दिलं ते असं, "ट्रॅक इनका नहीं है." म्हणजे सध्याचं कथानक यांचं नाही. त्या बाई करणाऱ्या नटी मूळच्या नाटकातल्या, फार ताकदीच्या, पुढच्या सगळ्या भागांत त्यांना "काय बाई, असं कसं" एवढंच म्हणायला मिळालं.

म्हणून पागोळी, तुझा मुद्दा मला पुरता पटतो. मालिका कोणाची, ट्रॅक कोणाला मिळणार, हे आधीच ठरलेलं असतं. ज्याला ट्रॅक नाही त्याच्या वाट्याला साचा येतो.

---

पागोळी

बाराखडी, तो निकालाचा सीन वाचून गलबलले गं. हेच म्हणायचं होतं मला आणि तुझ्यामुळे ते नीट कळलं.

अटकेपार, तुमचा मुद्दा मी माझ्या मुद्द्याला जोडून घेते. पात्र भरीव असणं हे एक आणि त्याच्या समाजाची दुसरी पात्रं आजूबाजूला असणं हे दुसरं, दोन्ही लागतं. जेठालाल मूर्खपणा करतो तेव्हा सगळे गुजराती मूर्ख असं कोणी म्हणत नाही कारण शेजारीच बायको दया आहे, वडील चंपकचाचा आहेत, मेव्हणा सुंदर आहे, सगळे गुजराती आणि सगळे वेगळे. मूळ लेखकही त्याच घरातला होता. तारक मेहता १९७१ पासून 'चित्रलेखा'त 'दुनिया ने ऊंधा चश्मा' लिहीत होते, गुजराती माणसाने गुजराती वाचकांसाठी लिहिलेलं. वाचकाला ती माणसं ठाऊकच होती, त्यांना ओळख चिकटवायची गरज नव्हती. टीव्हीवर येताना सगळ्या देशाला दाखवायचं ठरलं आणि बाकीच्यांसाठी अशी घरातली दृष्टी कोणी शोधली नाही.

कोकणकडा दादा, मी पण ही मालिका प्रेमानेच बघत आलेय. दया मालिकेतून गेली तेव्हा २०१७ मध्ये हळहळलेय, दुकानातले नट्टूकाका करणारे घनश्याम नायक वारले तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. जे आवडतं त्याच्याबद्दलच बोलावंसं वाटतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

सगळं वाचलं. आता मी म्हणतो ते कडू लागन पण लिहितो.

काहून जी, हिंदीवाल्यांवर एवढं बोलता, आपल्या मराठी मालिकांचं काय? अमरावती-अकोल्याकडचा माणूस मराठी टीव्हीवर कवा दिसते? विनोदी प्रहसनात. त्यानं तोंड उघडलं की लोक हसतात, अजून त्यानं विनोद केलाच नसते. डॉक्टर, वकील, नायक, नायिकेचा बाप, हे सगळे पुण्या-मुंबईच्या भाषेत बोलतात, आणि मालवणी, आगरी, वऱ्हाडी, अहिराणी ह्या बोल्या हसवाले ठेवल्या आहेत. गंभीर सीन आला की पात्र आपसूक प्रमाण भाषेत बोलते. आमच्या घरात मरण झालं तर आम्ही वऱ्हाडीतच रडतो, हे टीव्हीवाल्यायले माहीत नाही का?

शिवाय भय्या, मारवाडी शेठ, गुरखा, मद्रासी अण्णा, हे मराठी नाटक-सिनेमा-टीव्हीत किती वर्षं चालले आहेत. मराठी माणसाले कामवाली बाई आणि हवालदार दाखवलं की राग येते, तो बरोबरच आहे. मंग आपण दुसऱ्याले काय दाखवतो ते पण बघा.

---

कोकणकडा

ठेचा भाऊ, मालवणीबद्दल थोडं वेगळं मत आहे. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण'मधून मालवणीला राज्यभर मान मिळवून दिला, लंडनला नेलं. लोक हसले, पण ते आमचंच होतं, आमच्या माणसाने आमच्या दशावताराची केलेली गंमत. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही, उलट छाती फुगली.

---

वऱ्हाडी_ठेचा

तेच तर म्हणतो दादा. कांबळी साहेब मालवणी होते. लिहिणारा गवाणकर पण तिकडचाच. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त गौरव मोरे होता, तो स्वतःच्या पवईच्या फिल्टरपाड्यावरून बोले तवा मले पण आवडे, तो स्वतःचं घर सांगून राहिला होता. पण त्याच्या दिसण्यावर दुसरा बोले तवा मले तेवढं हसू येत नव्हतं. ज्याची बोली, ज्याची वस्ती, त्याच्या हातात पेन पाहिजे, मंग करा ना काय करायची ते गंमत.

---

निळीशाई

२०२० च्या मार्चमधला वाद कोणाला आठवतो का? चंपकचाचांच्या तोंडी मुंबईची आम भाषा हिंदी आहे असं वाक्य आलं, मनसेने आक्षेप घेतला, अमेय खोपकरांनी इशारा दिला, निर्माते असित मोदींनी माफी मागितली आणि पुढे मालिकेतल्या तारक मेहता या पात्राच्या तोंडून मुंबईची भाषा मराठीच आहे असा खुलासा आला. मी तेव्हा मनसेच्या बाजूची होते आणि आजही आहे, ते वाक्य चुकीचंच होतं.

पण बघा, ते एक वाक्य होतं. लगेच दुरुस्त झालं. मराठी मास्तर म्हणजे कायम पैशाची चणचण आणि मराठी बाई म्हणजे लोणची-पापड, हे २००८ पासून चालू आहे आणि त्यावर कोणाचा इशारा नाही. वाक्य पकडता येतं, साचा पकडता येत नाही. आणि चेन्नईकर म्हणतात तसं, अय्यरसाठी ओरडायला मुंबईत पक्ष नाही, डॉ. हाथींसाठी नाही, आणि अब्दुलसाठी कोणी बोललंच तर त्यालाच दहा प्रश्न विचारले जातील. ज्याच्यामागे ताकद आहे त्याचा अपमान दुरुस्त होतो. बाकीच्यांचा हसून नेला जातो.

माझ्या ऑफिसात एक केरळचा मुलगा आहे, ख्रिश्चन, आडनाव वर्गीस. त्याला सगळी टीम प्रेमाने "अय्यर सर" म्हणते. तो हसतो. एकदा लिफ्टमध्ये दोघेच होतो तेव्हा मी विचारलं, तुला चालतं का रे. तो म्हणाला, "मॅम, पहिल्या दिवशी बोललो असतो तर चाललं असतं, आता दोन वर्षांनी बोललो तर मीच वाईट दिसेन." तेव्हापासून मी त्याला नावाने हाक मारते, मीटिंगमध्ये मुद्दाम मोठ्याने, आता अजून दोघंतिघं तसंच म्हणायला लागलेत.

---

सहजच_एक

मला वाटतं आपण फार खोलात जातोय. लोक कामावरून थकून येतात, अर्धा तास हसतात. सगळ्यावर असा विचार केला तर विनोद करायचाच कसा? सगळी पात्रं एकसारखी, कुठल्याच प्रांताची नाहीत, अशी मालिका कोण बघणार?

---

जुनापुराणा

सहजच, एकसारखी पात्रं कोणीच मागत नाहीये. उलट म्हणणं असं आहे की आत्ताच ती एकसारखी झालीत, प्रत्येक सरदार एकसारखा, प्रत्येक तमिळ एकसारखा.

आणि विनोद कसा करायचा याचं उत्तर इंग्लंडातल्या आपल्याच पोरांनी दिलंय. बीबीसीवर १९९८ मध्ये 'गुडनेस ग्रेशस मी' आलं, संजीव भास्कर, मीरा सियाल वगैरे. त्यातलं एक प्रहसन असं की भारतीय मित्रमंडळी रात्री दारू पिऊन इंग्लिश हॉटेलात जातात, वेटरच्या नावाचा चुकीचा उच्चार करतात आणि मेनूवरचा सगळ्यात बेचव पदार्थ मागवतात, म्हणजे गोरे लोक भारतीय हॉटेलात जाऊन जे करतात ते बरोब्बर उलटं. त्यांनी स्वतःच्या आईबापांनाही सोडलं नाही, प्रत्येक मोठी गोष्ट मुळात भारतीयच असं ठासून सांगणारे बाप त्यात आहेत. प्रांत आहे, हेल आहे, सगळं आहे आणि तरी छातीत दुखत नाही.

---

इंदूरी_पोहा

'तारक मेहता' लागते त्याच सब टीव्हीवरचं आपलं उदाहरण द्या की. 'वागळे की दुनिया'. मूळ १९८८ चं दूरदर्शनवरचं, आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रावरून केलेलं, कुंदन शाह दिग्दर्शक, श्रीनिवास वागळे झाले अंजन श्रीवास्तव. म्हणजे वागळे मराठी आणि नट अमराठी. तरी ते वागळे मला माझ्या काकांसारखे वाटायचे, कारण ते मराठी असण्याचा अभिनय करतच नव्हते. बसची गर्दी, साहेबाची भीती, घरात पाहुणा, एवढ्यात माणूस उभा केला. २०२१ मध्ये तीच मालिका सुमीत राघवन, परिवा प्रणती यांना घेऊन परत आली, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आजी-आजोबा झाले. ती पण डेली, तेवढीच घाई, तेच चॅनेल. तरी सुमीत राघवनच्या राजेश वागळेला उठता-बसता मराठी असल्याचा पुरावा द्यावा लागला नाही.

त्यामुळे बाराखडी ताईंना विचारायचंय, डेलीच्या घाईमुळे साचे येतात हे मान्य, पण मग तिथे कसं जमलं?

---

बाराखडी

चांगला प्रश्न आहे. मी त्या टीममध्ये नव्हते त्यामुळे आतलं सांगू शकत नाही, पण बाहेरून दिसतं ते सांगते. तिथे वागळे कुटुंब मालिकेच्या मध्यभागी आहे, ट्रॅक त्यांचाच आहे. ज्याचा ट्रॅक असतो त्याला रोज नवीन अडचण द्यावी लागते, आणि रोज नवीन अडचण दिली की माणूस आपोआप भरत जातो, मग लेखक कितीही दमलेला असो. साचा नेहमी कडेच्या पात्राला लागतो. वागळेंच्या शेजाऱ्यांकडे नीट बघितलंस तर तिथेही थोडेफार सापडतील बघ.

म्हणून मला विचारलंस तर मी एवढंच मागेन, आठवड्यातून एक दिवस ट्रॅक कडेच्या माणसाला द्या. अय्यरला एक पूर्ण आठवडा द्या. त्याची आई गावाहून आलीय, तिला हिंदी येत नाही, चंपकचाचांना तमिळ येत नाही, आणि दोघं दुपारी कंपाउंडच्या बाकावर बसून गुडघ्यांबद्दल बोलतायत. हे लिहायला मला रात्रीचे अकरा वाजलेले पण चालतील.

---

चेन्नईकर_मी

बाराखडी, हे खरंच लिहून काढ. पाहिजे तर तमिळ वाक्यं मी सांगते. आई आली की आधी काय विचारेल तेही सांगते, "साप्टिया?" म्हणजे जेवलास का.

---

बाराखडी

मग पाठव मेसेज. आईचं गाव कुठलं ठेवायचं ते पण सांग, मला मदुराई आणि कुंभकोणमच्या बोलण्यातला फरक कळत नाही.

---

चेन्नईकर_मी

कुंभकोणम ठेव. पाठवते रात्री.